प्रोग्रेसिव्ह रॉकच्या सीमेवरील सहा तबकड्या आणि सातारा-सांगलीचे धागे

पाश्चात्त्य संगीताच्या मराठी श्रोत्यांत 'प्रोग्रेसिव्ह रॉक'चा विषय निघाला की काही नावे ठरलेली असतात. किंग क्रिम्सनचा १९६९ मधील 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग', येसचा १९७२ मधील 'क्लोज टू द एज', पिंक फ्लॉइडचा १९७३ मधील 'द डार्क साइड ऑफ द मून', शिवाय जेनेसिस आणि जेथ्रो टल. ही नावे योग्यच आहेत. मात्र त्यांच्या प्रकाशात त्याच काळातील कित्येक चांगले अल्बम झाकोळून गेले. त्यांतील काही रॉकच्या मंडळींना फार संथ वाटले, काही अभिजात संगीताच्या मंडळींना फार गोंगाटी वाटले, तर काहींच्या कर्त्यांनी पुढे एवढी कीर्ती मिळवली की आरंभीचे काम मागे पडले.

अशा सीमेवरील सहा तबकड्यांची ओळख येथे करून देत आहोत. त्यांची निवड एका निमित्ताने केली आहे. या सहाही तबकड्यांचे कोठे ना कोठे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांशी नाते लागते. पाचगणीची एक शाळा, पुणे-सातारा रस्त्यावरील एक अपघात, मिरजेत विसावलेले एक गायक आणि सांगलीत झालेला श्रुतींचा अभ्यास, असे हे धागे आहेत. ते सगळे सारख्याच बळकटीचे नाहीत. काही थेट आहेत, काही चुलत नात्याचे, तर काही केवळ समांतर. 'हे सारे आमच्याकडूनच गेले' असे म्हणणे सोपे असते. परंतु कोणता धागा किती पक्का आहे हे तपासून ऐकले, तर संगीतही अधिक कळते आणि आपल्या गावांचे मोलही.

तीन मिनिटांची मर्यादा

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय, याची काटेकोर व्याख्या करणे कठीण आहे. त्याचे मुख्य लक्षण मात्र सांगता येते. रॉकचे गाणे मुळात तीन-चार मिनिटांचे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात काही गटांनी ही चौकट मोडून लाँग प्ले तबकडीची वीस मिनिटांची अख्खी बाजू एकाच रचनेसाठी वापरायला सुरुवात केली. त्यात पाश्चात्त्य अभिजात संगीत, जॅझ, लोकसंगीत, विषम मात्रांचे ताल आणि नव्याने आलेली इलेक्ट्रॉनिक वाद्ये यांचा मेळ घातला.

ही मर्यादा आपल्याही परिचयाची आहे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी आज आपण ऐकतो ती तीन-सव्वातीन मिनिटांची, कारण ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर तेवढीच जागा असे. लाँग प्ले आल्यावर ख्यालाला जसा श्वास घेता आला, तसाच रॉकलाही. म्हणूनच विलंबित ख्याल ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्याला ही दीर्घ रचनांची दुनिया परकी वाटण्याचे कारण नाही.

१. क्वीन : 'क्वीन टू' (१९७४)

पहिला धागा सातारा जिल्ह्यातील पाचगणीचा. फ्रेडी मर्क्युरी म्हणजेच फारोख बलसारा याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात झाला. वयाच्या आठव्या वर्षी तो पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत आला. पियानोचे शिक्षण त्याला येथे मिळाले आणि १९५८ च्या सुमारास शाळासोबत्यांसह 'द हेक्टिक्स' हा पहिला गटही त्याने येथेच काढला.

क्वीन म्हटले की बहुतेकांना 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आठवते. ते गाणे १९७५ चे. त्याची सारी पूर्वतयारी मार्च १९७४ मध्ये निघालेल्या 'क्वीन टू'मध्ये झालेली आहे. या तबकडीला 'ए' आणि 'बी' अशा बाजू नाहीत. एक 'पांढरी' आणि दुसरी 'काळी'. पांढरी बाजू मुख्यतः गिटारवादक ब्रायन मे याची असून काळी बाजू संपूर्णपणे मर्क्युरीची आहे.

काळ्या बाजूचा आरंभ 'ओगर बॅटल'ने होतो. या गाण्याचा शेवटच उलटा फिरवून सुरुवातीला लावला आहे. पुढचे 'द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक' हे रिचर्ड डॅड या व्हिक्टोरियन चित्रकाराच्या एका चित्रावर बेतलेले. डॅडने ते मनोरुग्णालयात राहून काही वर्षे खपून रंगवले. चित्रातील सूक्ष्म आकृत्यांची दाटी गाण्यातल्या आवाजांच्या थरांत उतरली आहे आणि मर्क्युरीने स्वतः वाजवलेल्या हार्प्सिकॉर्डमुळे तिला एक जुनाट झळाळी येते. 'द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन' ही साडेसहा मिनिटांची रचना तर सतत लय आणि रूप पालटत राहते. हे सारे सिंथेसायझरशिवाय झाले आहे आणि तशी मिश्कील नोंदही वेष्टनावर आहे.

या धाग्याचे बळ किती? पाचगणीने मर्क्युरीला पियानो, रंगमंच आणि गटात वाजवण्याची सवय दिली, इतके निश्चित. 'क्वीन टू'मध्ये राग शोधायला जाऊ नये. तेथे तो नाही. ज्याला क्वीन केवळ स्टेडियममधील टाळ्यांचा गट वाटतो, त्याने काळी बाजू सलग, मध्ये न थांबता ऐकावी.

२. पीट टाउनशेंड : 'हू केम फर्स्ट' (१९७२)

दुसरा धागाही साताऱ्याचाच. पुण्यात जन्मलेले मेहेरबाबा यांचे कार्यक्षेत्र मुख्यतः अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, जवळचे मेहेराबाद. परंतु त्यांच्या चरित्रात साताऱ्यालाही स्थान आहे. २ डिसेंबर १९५६ रोजी पुणे-सातारा मार्गावर उडतारे गावाजवळ त्यांच्या मोटारीला अपघात झाला. त्यात त्यांच्या एका निकटच्या शिष्याचा मृत्यू झाला आणि स्वतः बाबांच्या कंबरेच्या सांध्याला गंभीर इजा झाली. ३१ जानेवारी १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी 'द हू' या ब्रिटिश गटाचा 'टॉमी' प्रसिद्ध झाला आणि त्याच्या श्रेयनामावलीत मेहेरबाबांचे नाव होते. गटाचा गिटारवादक पीट टाउनशेंड तोवर त्यांचा अनुयायी झाला होता.

'हू केम फर्स्ट' हा टाउनशेंडचा स्वतंत्र अल्बम. बाबांच्या स्मरणार्थ अनुयायांसाठी मोजक्या प्रतींत काढलेल्या तबकड्यांतून यातील बरीच सामग्री आली आहे. बहुतेक वाद्ये त्याने स्वतःच वाजवली आहेत. 'परवरदिगार' या रचनेत मेहेरबाबांच्या प्रसिद्ध प्रार्थनेला चाल लावली आहे. जिम रीव्ह्जचे एक गाणेही येथे आहे, कारण ते बाबांना आवडत असे. मोठ्या गर्जनेसाठी ओळखल्या जाणाऱ्या कलावंताचा हा घरगुती, हळुवार आवाज आहे आणि म्हणूनच 'द हू'च्या चाहत्यांनीही तो बाजूला ठेवला असावा.

प्रोग्रेसिव्ह रॉकशी याचा संबंध 'प्युअर अँड ईझी' या गाण्यातून येतो. हे गाणे टाउनशेंडच्या 'लाइफहाउस' या अपुऱ्या राहिलेल्या महत्त्वाकांक्षी प्रकल्पातले. अवघ्या विश्वाच्या मुळाशी एकच स्वर आहे, ही त्याची मध्यवर्ती कल्पना. बडोद्यात जन्मलेले सूफी संगीतज्ञ इनायत खाँ यांच्या नादविषयक लेखनाचा तिच्यावर प्रभाव होता. नादब्रह्माची कल्पना ज्याच्या कानावरून लहानपणापासून गेली आहे, त्याला हे गाणे समजावून सांगावे लागत नाही.

याच प्रकल्पातून 'द हू'चे १९७१ मधील 'बाबा ओ'रायली' हे गाणे आले. नावातील 'बाबा' म्हणजे मेहेरबाबा आणि 'रायली' म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. ऑर्गनच्या आवर्तनांची ती प्रसिद्ध सुरुवात रायलीच्या शैलीला दिलेली मानवंदना आहे. हा टेरी रायली आपल्याला साताऱ्याहून पुढे सांगली जिल्ह्याकडे घेऊन जातो.

मिरज, किराणा आणि सव्वापटीचा गांधार

अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तर प्रदेशातील कैरान्याचे, परंतु त्यांनी मिरज आपली मानली. १९३७ मध्ये प्रवासात त्यांचे निधन झाले आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात त्यांचे दफन झाले. तेथे दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. किराणा घराण्याचे दुसरे आधारस्तंभ म्हणजे त्यांचे आप्त अब्दुल वहीद खाँ. वहीद खाँचे शिष्य पंडित प्राणनाथ (१९१८-१९९६) हे १९७० मध्ये अमेरिकेत गेले. टेरी रायली, ला माँट यंग आणि मारियन झझीला यांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले. न्यूयॉर्कमध्ये 'किराणा' या नावाचे केंद्रही निघाले. म्हणजे मिरजेशी हे नाते चुलत घराचे आहे. गुरुपरंपरा वहीद खाँची असली तरी सुरेलपणाचा आणि एकेका स्वरावर ठेहरण्याचा आग्रह दोन्ही घरांत सामाईक.

या आग्रहाला सांगलीत शास्त्राची जोडही मिळाली होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. सनदी सेवेतील इंग्रज अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी त्यांच्यासह हा अभ्यास पुढे नेला. अब्दुल करीम खाँनी या प्रयोगांसाठी आपला गळा दिला. त्यातून श्रुतींप्रमाणे स्वर लावलेली एक खास पेटी तयार झाली. १९१६ च्या बडोद्यातील संगीत परिषदेत ती मांडण्यात आली. भातखंडे यांना ती उपपत्ती पटली नाही आणि पेटी मागे पडली.

प्रश्न मात्र खरा होता. पंचमाची कंपने षड्जाच्या दीडपट असतात, शुद्ध गांधाराची सव्वापट. षड्ज २४० कंपनांचा धरला तर तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गांधार ३०० वर येतो. बाजारातील पेटीत किंवा पियानोत सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असल्याने तोच गांधार ३०२ च्या थोडा वर जातो. फरक लहान दिसतो, परंतु तंबोऱ्यासमोर तो कानाला टोचतो. सांगलीत ज्यावर पेटी करून पाहिली, तोच प्रश्न साठेक वर्षांनी अमेरिकेत इलेक्ट्रिक ऑर्गनच्या बाबतीत पुन्हा उभा राहिला. देवलांचे काम रायलीपर्यंत पोचले असे म्हणण्यास आधार नाही. हा धागा समांतर आहे, आणि तसाच तो उद्बोधक आहे.

३. टेरी रायली : 'पर्शियन सर्जरी डर्व्हिशेस' (१९७२)

रायलीची ख्यातनाम तबकडी 'अ रेनबो इन कर्व्हड एअर' ही १९६९ ची, म्हणजे प्राणनाथांचे शिष्यत्व घेण्यापूर्वीची. तिच्याच नावावरून 'कर्व्हड एअर' या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह गटाने आपले नाव घेतले. शिष्यत्वानंतरचा पालट ऐकायचा असेल तर 'पर्शियन सर्जरी डर्व्हिशेस' ही जोडतबकडी घ्यावी. फ्रान्सच्या 'शांदार' या कंपनीने ती काढली. त्याच वर्षी त्याच कंपनीने प्राणनाथांचे यमन कल्याणाचे मुद्रणही प्रसिद्ध केले.

रायलीने आपला यामाहा ऑर्गन समान भागांच्या सप्तकातून काढून नैसर्गिक स्वरांत लावून घेतला. जोडीला टेपवर आवाज काही क्षणांनी परत ऐकवणारी योजना. त्यामुळे एक माणूस वाजवतो आणि त्याचाच प्रतिध्वनी त्याला साथ करतो. तबकडीत एकाच रचनेच्या दोन मैफली आहेत, १९७१ मधील लॉस एंजलिसची आणि १९७२ मधील पॅरिसची. दोन्हींत सांगाडा एक, विस्तार वेगळा. एकच राग दोन रात्री वेगळा कसा होतो हे जाणणाऱ्या श्रोत्यासाठी ही पर्वणी आहे.

४. जॉन केल आणि टेरी रायली : 'चर्च ऑफ अँथ्रॅक्स' (१९७१)

ज्यांना केवळ ऑर्गन फार तापसी वाटेल त्यांनी येथून सुरुवात करावी. जॉन केल हा 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड'चा आरंभीचा सभासद. त्याआधी तो ला माँट यंगच्या गटात व्हायोला वाजवीत असे. या अल्बममध्ये रायलीचा ऑर्गन व सॅक्सोफोन आणि केलचे बास, व्हायोला, पियानो एकत्र येतात. मागे ड्रम्सचा रॉकसारखा दणदणीत ठेका आहे. पहिल्याच रचनेत एक छोटे आवर्तन धरून ठेवून त्यावर दोघे नवनवे तुकडे टाकीत जातात. आपल्याकडील लेहऱ्याची आठवण व्हावी असा हा बाज. मध्येच एक साधे गायलेले गीत येते, ते या सगळ्यात काहीसे उपरे वाटते. एकूण तबकडी असमान आहे, परंतु तिची ताकद तिच्या खडबडीतपणात आहे.

५. टोनी कॉनराड आणि फाउस्ट : 'आउटसाइड द ड्रीम सिंडिकेट' (१९७३)

या यादीतील सर्वांत कठोर तबकडी. टोनी कॉनराड हार्वर्डमध्ये गणित शिकलेला. साठच्या दशकात तोही ला माँट यंगच्या गटात होता आणि स्वरांच्या नेमक्या गुणोत्तरांचा विचार तेथे रुजवण्यात त्याचा वाटा मोठा. येथे एक काळजी घ्यायला हवी. कॉनराड प्राणनाथांचा शिष्य नव्हता, आणि यंगच्या गटाचे हे काम प्राणनाथांच्या आगमनापूर्वीचे आहे. यंगला तंबोऱ्याची ओढ लागली ती अली अकबर खाँ यांच्या १९५५ मधील लाँग प्ले तबकडीमुळे. म्हणजे येथे धागा घराण्याचा नसून तंबोऱ्याच्या नादाचा आहे.

१९७२ मध्ये कॉनराड जर्मनीत फाउस्ट या प्रायोगिक रॉक गटासोबत मुद्रणास बसला. दोन बाजू, दोन रचना, प्रत्येकी पंचवीस मिनिटांहून मोठी. बास जवळजवळ एकाच स्वरावर, ड्रम्स एकाच ठेक्यात आणि त्यावर व्हायोलिनचा अखंड षड्ज-पंचमाचा पट. पहिली पाच मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते. पुढे कान त्या नादाच्या आत शिरतो आणि न वाजवलेले उपस्वर ऐकू येऊ लागतात. गाण्याआधी तंबोरे जुळत असताना जाणकार श्रोता जे सुख अनुभवतो, ते येथे अर्धा तास पुरते.

६. जॉन हॅसल : 'व्हर्नल इक्विनॉक्स' (१९७७)

जॉन हॅसल (१९३७-२०२१) हा अमेरिकन ट्रम्पेटवादक. तो जर्मनीत स्टॉकहाउझनकडे शिकला. तेथे 'कॅन' या प्रयोगशील गटाचे पुढचे संस्थापक त्याचे सहाध्यायी होते. नंतर प्राणनाथांकडे तो किराणा गायकी शिकू लागला आणि गळ्यातली मींड ट्रम्पेटमधून काढता येईल का, या एकाच प्रश्नामागे लागला. ट्रम्पेटला तीन कळा. त्यांतून सुटे स्वर निघतात, स्वरांमधला प्रवास निघत नाही. हॅसलने ओठांच्या दाबाने आणि इलेक्ट्रॉनिक संस्कारांनी तो प्रवास साधला. येथे ट्रम्पेट ओळखूच येत नाही. कोणीतरी दूर, दाट रानात आलापी करीत असल्याचा भास होतो. ब्राझीलचा तालवादक नाना व्हास्कोन्सेलॉस याची साथ त्या रानाला जिवंत करते.

हॅसलचा १९८० मधील ब्रायन ईनोसोबतचा 'पॉसिबल म्युझिक्स' अधिक गाजला. परंतु गुरूकडून आलेले गाणे 'व्हर्नल इक्विनॉक्स'मध्ये जास्त स्वच्छ ऐकू येते. सहांपैकी किराण्याशी सर्वांत थेट नाते सांगणाऱ्या दोन तबकड्या म्हणजे ही आणि रायलीची.

कसे ऐकावे

रॉकची सवय असणाऱ्यांनी 'क्वीन टू', 'हू केम फर्स्ट', 'चर्च ऑफ अँथ्रॅक्स' या क्रमाने जावे. ख्यालाची सवय असणाऱ्यांनी उलट्या बाजूने, 'व्हर्नल इक्विनॉक्स'पासून आरंभ करावा. कॉनराडची तबकडी दोघांनीही शेवटी ठेवावी. ही ध्वनिमुद्रणे मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकू नयेत. उपस्वर आणि खर्ज दोन्ही तेथे नाहीसे होतात व उरते ती नुसती पुनरुक्ती. जमल्यास प्रत्येक तबकडीआधी खाँसाहेबांची एखादी तीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका ऐकावी. कान सुरात येतो.

मूळ वाद्याचाही विसर पडू नये. १९ व्या शतकाच्या मध्यास मिरजेत शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये घडवण्याचा पाया घातला. पंढरपूर-मंगळवेढा भागातला भोपळा, तुणीचे लाकूड आणि घोडीवर कानाच्या अंदाजाने लावलेली जवारी, यांवर ही कला उभी आहे. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा धागा किंचित सरकवला की नाद उमलतो. तो सव्वापटीचा गांधार तेथूनच झरतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नाव सुरक्षित होते. जवारी लावणारा हात मात्र मागणी असेल तरच टिकतो, आणि आज अनेक रियाजांत तंबोऱ्याची जागा इलेक्ट्रॉनिक पेटीने किंवा मोबाइलमधील ॲपने घेतली आहे.

कॉनराड, रायली आणि हॅसल यांनी आपल्या आयुष्यातील अनेक वर्षे ज्या नादामागे घालवली, तो मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आजही हाताने घडतो. या तबकड्या ऐकून झाल्यावर सांगली-मिरजेच्या बाजूला जाणे झाले, तर तेथील एखाद्या दुकानात नुकताच जुळवलेला तंबोरा दोन मिनिटे कानाशी धरून पाहावा. यादीतील सर्वांत अवघड तबकडीही मग अवघड राहणार नाही.